पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते,
मोंडकर सांगायचे. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ.
बोटांच्या पेरांवर; वही नाही, घड्याळही नाही.

औंधात, संस्थेच्या गच्चीवर,
हिरव्या जाळीखाली सात निळे टब
आणि कान तुटलेला एक मग.
त्यातून दिवसाला दोनदा खाडी येते, दोनदा जाते.
पाणी चढलं की झाड उभं, उतरलं की आडवं.

हे त्या जागेचं झाड,
जिथे समुद्र नदीला मागे रेटतो
पण मीठ तिथवर पोचत नाही.
ती जागा आता धक्क्याखाली.
तीन वर्षं आम्ही शोधलं, गुडघाभर चिखलात,
मग अहवालात लिहिलं: निसर्गात आढळत नाही.
पेन अडखळलं वगैरे काही नाही.
नंतर चहा प्यायलो.

मोंडकरांची आई त्याला चिखलशेपू म्हणायची.
कुणी खाल्लं नाही, कुणी देवाला वाहिलं नाही,
म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

टब सात, पण झाड एकच:
एकाच काडीचे तुकडे.
फुललं तर स्वतःसमोरच फुलतं.

गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद.
बुधवारीच बादल्या भरायच्या,
रात्रभर उघड्या ठेवून क्लोरीन उडवायचं, मग भरती.
उधाणाला तीन बादल्या, भांगाला दीड.
समोरच्या सोसायटीतल्या बाई विचारतात,
रोज काय धुता हो?

निवृत्त होताना मोंडकरांनी किल्ली दिली, मग दिला.
म्हणाले, भरती चुकली तर चुकू दे,
ओहोटी चुकवू नको.
बुडून राहिलं की ते विसरतं.
काय विसरतं, विचारायचं राहिलं.
आता ते मालवणात, कानाने कमी.

काल मी चिंचवडला लग्नात अडकले.
दोन वाजता रखवालदार लिंबाजीला फोन:
गच्चीवर जा, तोट्या उघड, बोटभर पाणी ठेव.
लिंबाजी उदगीरचा. खाडी पाहिलेली नाही.
अर्ध्या तासाने त्याचा फोन:
"मॅडम, ओहोटी केली.
पण रोपटी आधीच आडवी झाली होती सगळी,
टब भरलेले असून.
माझं काही चुकलं का?"

मी पेरांवर मोजलं. दशमी.
साडेसातची भरती, म्हणजे दीडची ओहोटी.

नाही रे, म्हटलं, उशीर माझा.
वाढपी मठ्ठा घेऊन पुढ्यात उभा होता.