नांव, नाव

रायबंदरच्या धक्क्यावर, तिकीट-खिडकीमागच्या खोलीत
मी जुन्या क्लासातून नव्या क्लासात माणसं उतरवते.
माणसं नव्हे,
त्यांच्या फेरीपासांचे तपशील.

लूप साधा आहे.
या ऑब्जेक्टचं एकेक फील्ड घ्यायचं,
त्या ऑब्जेक्टला विचारायचं, तुझ्याकडे या नावाचं काही आहे?
असेल तर आतलं उचलून तिकडे ठेवायचं.
नसेल तर पुढे.
कोणाशी वाद नाही.

पहिल्या दिवशी दोन हजार एकशे चार माणसं
बिननावाची पलीकडे पोचली.
गाव होतं, वाडा होता, कुणाकुणाचा रक्तगटसुद्धा,
नाव तेवढं नव्हतं.
तासभर मी कोडच उलटापालटा करत बसले.
मग दिसलं:
कायतान कारकुनाने फील्डाला म्हटलंय ‘नांव’.
मी म्हटलंय ‘नाव’.
यंत्राला टिंब दिसतं,
टिंबातला नाकातला सूर ऐकू येत नाही,
जो दिवाडीत अजून सगळे काढतात
आणि जो मी सहावीत बाईंच्या लाल शाईखाली सोडला.
एक ओळ लिहिली, हे आणि ते एकच समज,
आणि माणसं आपापल्या नावांवर आली.

वयाचं दुखणं निराळं.
नव्याला वय आकड्यात हवं.
सांतान फुर्तादपुढे कायतानने लिहिलंय,
‘मुक्तीच्या साली अंगावर पीत होता.’
नाव जुळतं, जात जुळत नाही.
पडदा तांबडा झाला.
मी बोटांवर हिशेब केला
आणि दुधाचा वास येणारं ते वाक्य पुसून
तिथे पासष्ट घातले.

नार्व्याच्या शाबा आणि रोहिदास खोलकरांचा पत्ता
उतरवला असं मला वाटलं होतं.
उतरला नव्हता.
दोघांच्याही फील्डात होतं
एकाच घराकडे दाखवणारं एक बोट.
शाबा म्हापशाला गेला, मी त्याचा पत्ता बदलला,
तर रोहिदासही बसल्या जागी म्हापशाला.
तिसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला, पास पुढे करून म्हणाला,
‘बाये, म्हाका घरा धाड.’
मग मी खोलवर प्रत केली, घरं दोन केली.
कोर्टात अठरा वर्षं पडलेली त्यांची वाटणी
माझ्याकडे जेवणाच्या सुट्टीआधी झाली.

राहिलं ‘शेरा’.
नव्या क्लासात त्या नावाचं काहीच नाही.

शेवंती माशेलकर: भरती असताना पाटावर हात द्यावा.
मिंगेल: सुटे मागू नयेत, लाजतो.
रोझारिन: घोव बोटीवर. बरीच वर्षं. विचारू नये.
विठ्या पागी: हा मेला असं लोक सांगतात, पण पास नवा करतो.

लूप येतो, विचारतो, उत्तर ऐकतो, पुढे जातो.
चूक नाही, इशारा नाही,
काही तांबडं होत नाही.
पणजीहून साहेबांचा फोन: जुळलं तेवढं पुरे,
सोमवारी जुनं पुसून टाका.

सहाची फेरी लागते.
साखळ्या खडखडतात, पाट धक्क्यावर आपटतो,
आधी स्कूटर, मग पाव विकणारा, मग शाळेची पोरं.
साखळीपाशी नवा कंत्राटी पोरगा, मान मोबाईलात.
मांडवी वरपर्यंत भरलेली.
पाटाच्या काठाशी एक म्हातारी थांबली आहे,
कुणाला हाक मारत नाही,
दोन फळ्यांमधल्या पाण्याकडे बघते आहे.

मी लूप चालू ठेवून उठते.
ही शेवंतीच कशावरून? फोटोचं फील्ड नव्हतं.
तरी हात पुढे करते.
तिचा हात ओला, माशांचा, आणि वाटलं त्यापेक्षा जड.

धक्क्यावर आल्यावर ती माझ्या तोंडाकडे नीट पाहते,
मग माझ्या पाठीमागे, खिडकीकडे.
‘कायतान खंय गो?’

मला माहीत नाही.
त्याने सगळ्यांचं लिहिलंय,
स्वतःचं कुठेच नाही.