चालू रीडिंग

सावळजच्या बाजूला माझ्याकडे
सहाशे बारा मीटर.
म्हणजे सहाशे बारा पेट्या,
आणि झाकण उघडायच्या आधी
आत कोण आहे ते विचारायला लागतं.
मी काठीनं विचारायची,
हात लांब, तोंड फिरवलेलं,
पाय आधीच स्कूटीकडे वळलेले.

लहानपणी खांद्यावर फोड उठले,
आई म्हणाली, कोळी मुतला.
आठवडाभर गेरू थापून झोपले.
तेव्हापासून कुठलीच भिंत
मी वरपर्यंत बघितलेली नाही.

एक गोष्ट कबूल करते.
सुलाबाई कोळेकरांच्या पेटीत
तळहाताएवढा कोळी असायचा,
काचेवर, नेमका आकड्यांवर.
पहिल्या महिन्यात मी शेरा मारला : दार बंद.
दुसऱ्या महिन्यात : दार बंद.
तिसऱ्या महिन्यात त्या तासगावच्या हापिसात आल्या,
सरासरीचं बिल चार घड्या घालून कनवटीला.
"बाई, माझ्या घराला दारच न्हाई,
पोत्याचा पडदा हाय.
बंद कसं केलंसा?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.
मी कोळ्याचं नाव सांगितलं
आणि अख्खं हापिस हसलं, शिपायासकट.
सुलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.
"आसंल. पर ती बाई हाय.
पोटाखाली टिकली घिऊन बसलीया.
तिच्यानं कुठं जाववतंय आता?"

दुसऱ्या दिवशी गेले.
डोळे मिटून फोटो काढला
आणि झाकण पायानं लोटलं.

रात्री भांडी आवरल्यावर
फोटो दोन बोटांनी मोठा केला.
फोटोतला कोळी पळत नाही,
त्यामुळे मीही पळाले नाही.
पोटाखाली खरंच पांढरी चकती होती,
चुन्याच्या डबीच्या झाकणासारखी चपटी,
आणि तोंडाजवळच्या दोन आखूड हातांनी
ती चकती धरलेली.
पायांवर शाळूच्या कणसासारखी कुसळं.
पाय मोजले : सात.
पुन्हा मोजले. सातच.
इतकी वर्षं आठ पायांना भ्याले,
आणि एकदाही मोजले नव्हते.
आठवा कुठल्या झाकणात सापडला असेल?
कुणी आपटलं असेल ते झाकण, घाईघाईत,
तोंड फिरवून?

पुढच्या खेपेला काठी स्कूटीलाच राहू दिली.
हळूच फुंकर मारली.
ती चार बोटं बाजूला सरकली,
चकती न सोडता,
एसटीत बाळंतीण जागा देते तशी.
चार हजार आठशे सतरा.

मग दिसायलाच लागले.
जामदाड्यांच्या द्राक्षबागेत तारेतारेमधून
गोल जाळी ताणलेली.
मी विचारलं, काढत नाही का?
हिंदुराव म्हणाले, "बिनपगारी गडी हाय त्यो.
आणि फवारणीचं बिल दावू का तुमास्नी?"
स्कूटीच्या आरशावर एक तांदळाएवढा,
मी हात पुढं केला तर
अंगासकट वळून माझ्याकडं बघायला लागला.
मला आजवर कुणी
इतकं लक्ष देऊन बघितलेलं नाही,
हे नवऱ्याला सांगितलं, तर तो पेपरात बघत हं म्हणाला.

भीती गेली असं म्हणणार नाही.
न्हाणीत रात्री एखादा दिसला
तर अजून हाक मारते.
पण आता 'मार' म्हणत नाही,
'दिवा लाव' म्हणते.

परवा सुलाबाईंची पेटी उघडली,
तर सगळीकडं मोहरी सांडल्यासारखी पिल्लं,
आकड्यांवर, वायरवर, सीलच्या गाठीवर,
आणि ती एका कोपऱ्यात, वाळून निम्मी झालेली.
मोबाइलमध्ये शेऱ्यांची यादी असते :
दार बंद. काच फुटली. मीटर जळाला. कुत्रं आहे.
'आत बाळंतीण आहे' असा पर्याय नाही.

पडद्याआडून सुलाबाईंनी विचारलं,
"दिसतोय का आकडा?"
"थांबा जरा," म्हटलं,
"पोरं बाजूला होऊ द्यात."