फीडर सात

येर्मेक खाली कोळसा फोडतो, सहाशे मीटरवर.
त्या कोळशाचा कोक होतो, कोक भट्टीत जातो,
भट्टीचा वायू आमच्या बॉयलरखाली येऊन निळा जळतो,
आणि इथे पॅनेलसमोर मी, रौशान,
थर्मासमधला खारट चहा पीत
त्याचीच वीज त्याला परत पाठवते:
फीडर सात. खाणीचा पंखा.

म्हणजे भाऊ जे फोडतो तेच श्वासात घेतो,
फक्त मधल्यामध्ये एवढं पोलाद होऊन जातं.
हिशेबाच्या वहीत याला अंतर्गत वापर म्हणतात.
दर शून्य.

काल पहाटे दोन नंबरचं टर्बाइन बसलं.
बाहेर कझाक माळावर उणे एकतीस.
रोलिंग मिलचा फोन: लाल पट्टी रोळांत अडकलीय, आम्हाला हात लावू नकोस.
काटा उतरत होता.
मी गावाचं बटण दाबलं.

खिडकीतून पाहिलं,
एकेक इमारत विझत गेली,
शेवटी आमची. चौथा मजला,
जिथे आई हीटरला पाय टेकवून झोपते.

सकाळी तिनं काहीच विचारलं नाही.
कोट घालूनच चहा ओतत होती.
येर्मेक आला, पापण्यांत काजळी तशीच,
म्हणाला, काय झालं होतं रात्री?
खाली तर वारा नेहमीसारखाच होता.