अकरा नंबरची नळी

वूच शहरातल्या गिरण्या कधीच बंद पडल्या.
त्यांतल्या एकीत, तिसऱ्या मजल्यावर, आमची प्रयोगशाळा.
सूत इथे अजूनही निघतं,
फक्त इतकं बारीक की डोळ्याला दिसतो नुसता धूर.
फिरत्या सळईवर तो धूर बसत जातो
सुतरफेणीसारखा,
आणि सळई ओढून घेतली की उरते
बोटाएवढी पांढरी नळी,
आतून पोकळ, कुणाचीच नाही.

मग मी तिच्यात माणूस भरते.

पुरुष, सत्तावन्न, आठवड्यातून तीनदा डायलिसिस,
दोन्ही हातांच्या शिरा टोचून टोचून थकलेल्या.
नाव आम्हाला सांगत नाहीत.
पण फॉर्मच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय:
ट्राम चालवत असे.
मी मनातल्या मनात त्याला वाल्देमार म्हणते.

एका मिलिलिटरात वीस लाख पेशी, त्याच्याच.
सुई आत, सावकाश. बुडबुडा येता कामा नये.
बुडबुडा म्हणजे टक्कल, तिथे काही रुजत नाही.
मग नळी फिरती ठेवायची दिवसभर, रात्रभर,
नाहीतर सगळ्या तळाशी जाऊन बसतात.
विरजण लावल्यावर भांडं हलवत नाहीत;
इथे उलटं,
थांबलं की बिघडलं.

तिसऱ्या दिवशी पंप. आधी थेंब थेंब.
एकदम जोर लावला तर धुऊन जातात,
कधीच लावला नाही तर गोल, आळशी राहतात.
डोब्रावा म्हणते, पोरांना पोहायला शिकवतात तसं:
हात सोडायचा, पण दूर जायचं नाही.
मिनिटाला साठ.
द्रव गुलाबी असला की बरं,
केशरी झाला की भूक लागली,
पिवळा झाला
तर मी रविवारी चर्चमध्ये नसते.

सतराव्या दिवशी इस्पितळातून फोन:
नळी नको. त्याला मूत्रपिंड मिळालं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.
प्रोफेसर ग्राबेत्सनी कपाटातून चेरीची वोडका काढली,
चहाच्या कपांत ओतली.
कुणाचं मूत्रपिंड, ते कुणी विचारलं नाही;
कुत्नोच्या रस्त्यावर रात्री बर्फ होतं
एवढं रेडिओवर आलं होतं.

आणि काचेच्या डब्यात, सदतीस अंशांवर,
वाल्देमार नळीभर जगत होता.
त्याला कुणी कळवलं नव्हतं.

सोमवारी कापा, प्रोफेसर म्हणाले.
शनिवारी मी येऊन द्रव बदलला.
वहीत त्याची नोंद नाही.

सोमवारी ब्लेडने चकत्या पाडल्या,
कांद्याच्या पातीच्या पाडतात तशा.
एक तुकडा उभा चिरून उलगडला, रंगवला, भिंगाखाली धरला:
सगळ्या लांबट झालेल्या,
सगळ्यांचा कल एकीकडे, प्रवाहाच्या दिशेला,
थांब्यावरची माणसं
ज्या बाजूने ट्राम यायची तिकडेच बघत असतात तशा.
एक टक्कल मात्र होतं. मोहरीएवढं.
बुडबुडा माझाच.

चेंबर धुतलं, स्वच्छ पाणी भरलं, हातमोजे टाकले.
खाली रस्त्यावर कोटाची बटणं लावताना आठवलं,
पंप चालूच राहिलाय.
तीन मजले. लिफ्ट बंद.

नाही गेले परत.
रात्रभर नुसतं पाणी,
मिनिटाला साठ.