सत्तावीस नंबर

रविवारी दुकान अर्धंच उघडतो,
सराफ्याच्या मागच्या बोळात, शटर कमरेपर्यंत.
सोनं मी विकत नाही. ते मामांबरोबर संपलं.
त्यांचं भिंग मात्र माझ्या डोळ्यात अजून नीट बसतं
आणि भिंगाखाली येतात
चंद्रमुखी बिस्किटांच्या पुड्यातली
क्रिकेटवाल्यांची कार्डं,
सत्तर वर्षांपूर्वीची, एकूण चाळीस.

लोक विचारतात, कागदाला कसला आलाय कस?
असतो.
आधी कोपरे. सुईसारखे हवेत, चारही.
मग समास: डावीकडे दोन मिलिमीटर, उजवीकडे साडेतीन,
म्हणजे छापखान्यातल्या माणसाला
त्या दुपारी झोप येत होती.
मग कार्ड दिव्यापुढे तिरकं धरायचं,
चकाकी कुठे मेली ते कळतं,
समोरून लपलेली घडी सापडते.
शेवटी वास. हे कुठल्या नियमात नाही,
पण खऱ्या कार्डाला अजून
वनस्पती तुपाचा पुसट वास येतो.

परवा एक बाई आल्या, हेल्मेट काखेत.
"मी ओखद्यांची सून, रामबागेतली.
बाबा गेले चैत्रात."
वहीच्या पानांत एकच पाकीट, पाकिटात एकच कार्ड.
सत्तावीस नंबर.
विश्वंभर ठोसर, डावखुरी फिरकी, दोनच मोसम खेळला.
मागे छापलंय: आवड – पतंग, विहिरीत पोहणे.
गावात अशी चार उरली असतील.

कोपरे चारही सुईसारखे.

पट्टी लावायची गरज नव्हती. तरी लावली.
रुंदी त्रेसष्ट हवी. साडेबासष्ट भरली.
चष्मा पुसून पुन्हा लावली. साडेबासष्ट.
उजवी कड सरळ उतरते, उतरते,
आणि शेवटच्या बोटभर अंतरात आत झुकते.

अडुसष्ट साल, मे महिना, आमची गच्ची.
वडिलांचं दाढीचं पातं, खाली माझी पाटी.
जिन्यात आईची चाहूल लागली
म्हणून शेवटचं बोटभर घाईत कापलं.
गोल झालेले कोपरे असे नवे केले
आणि कार्ड मोरू ओखदेला विकलं
बारा रुपयांना. त्याचे मुंजीतले पैसे.
त्या बारा रुपयांचं काय केलं, आठवत नाही.
आठवतं ते कातरण, केसाएवढं,
फुंकर घातल्यावर उडालं
आणि मग तासभर मी ते गच्चीत शोधत होतो,
कुणाला सापडू नये म्हणून.

"दहापैकी किती, काका?"
मी चिठ्ठीवर लिहिलं, नेहमीच्याच अक्षरात:
कड कापलेली. दर्जा देता येत नाही.
"म्हणजे खोटं आहे?"
"कार्ड खरं आहे. कापणारा तेरा वर्षांचा होता."

हे मला कसं कळलं, ते तिनं विचारलं नाही.
म्हणाली, "मागे बाबांनी काहीतरी लिहिलंय,
त्याचेही गुण जातात का?"
पालथं केलं.
विहिरीत पोहण्याच्या खाली, पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
अर्धा मि.मी. कमी. गोविंदाने दिले.
खाली तारीख.
विकलं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

दर गुरुवारी यायचा मोरू इथे,
या स्टुलावर, पन्नासेक वर्षं.
दुसऱ्यांची कार्डं भिंगातून बघायचा,
कोपरा बोथट असला की म्हणायचा,
"जाऊ दे भिया, निदान याचा स्वतःचा तरी आहे."
मी हसायचो.
त्यानं सत्तावीस कधी आणलं नाही,
मीही कधी विषय काढला नाही.

"जातात," मी म्हणालो. "पेन्सिलीचे दोन गुण जातात.
पण खोडू नका."

"तुमची फी?"
"राहू द्या हो."
"नाही. बाबा सांगायचे,
गोविंदकाकांकडे उधारी ठेवायची नाही."
तिनं फोन पुढे केला
आणि गल्ल्याजवळचं ते डबडं
सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडलं,
डेढ़ सौ रुपये प्राप्त हुए.