सत्तराचा छेद

पेपर तपासताना मी थांबलो नव्हतो.
एक छेद दोन अधिक एक छेद पाच,
सयत्रा मसरामनं लिहिलं होतं: दोन छेद सात.
वरचे वर मिळवले, खालचे खाली.
अक्षर वळणदार.
मी लाल फुली मारली, पुढचा पेपर ओढला.
अठ्ठावीस पेपर, त्याच गणितावर एकोणीस फुल्या,
आणि चहा निवला म्हणून मी चिडलो होतो,
एवढंच आठवतं.

मग शाळेला कुलूप लागलं
अन् गाव पहाटे तीनला तेंदूवर निघू लागलं,
डोक्याला फडकं, कमरेला पाण्याची बाटली.
प्रगतिपत्रकं घेऊन दोनदा फिरलो, घरं रिकामी.
शेवटी संध्याकाळी फडावरच गेलो.
कोरचीकडच्या रस्त्याला, मोहाखाली,
पुडक्यांच्या रांगा वाळत पडलेल्या
आणि हिरवट, कडवट वास
सहीच्या कागदालाही लागलेला.

सयत्राची आई गाठी मारत होती.
सहीला हात मोकळा नव्हता.
सयत्राच्या दातात वाकाची दोरी,
पस्तीस उताणी, पस्तीस पालथी,
आवळलं, फेकलं, पुढचं.
ती मोजत नव्हती, बोटं मोजत होती.

सरतेशेवटी तिच्याकडं उरलं अर्धं पुडकं.
इसरूकडं, तिच्या सात वर्षांच्या भावाकडं,
जेमतेम पाचवा हिस्सा,
कारण अर्धा दिवस तो चारं खात बसला होता
आणि जीभ अजून जांभळी होती.

लांजेवार मुन्शी म्हणाला,
"अर्धवट नाही लिहत वहीत.
सत्तर म्हंजे सत्तर."

मला उगाच ती फुली आठवली.
"सयत्रा, तुझं अर्धं अन् याचा पाचवा हिस्सा,
मिळून किती?"

"दोन छेद सात, गुर्जी."
पाठ केल्यासारखं म्हणाली,
आणि तिथंच तिची बोटं थांबली.

खाली वाकून तिनं पानं मांडली,
दहा-दहाच्या गड्ड्या.
पुडक्यात अशा सात बसतात,
हे तिला माझ्याआधीपासून माहीत.
"सातातल्या दोन म्हंजे वीस पानं.
माह्या एकटीचेच त पस्तीस हायेत.
इसरूनं टाकल्यावर कमी कसे होतीन?
मधात शेरडी येऊन गेली का?"

मुन्शी हसला.
मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत आलोय,
आधी छेद समान करा.
कायले, असं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

"माहे पस्तीस. याचे चवदा.
एकोणपन्नास."
क्षणभर गप्प. मग,
"अर्धं, पाचवं, हे त नावं हायेत, गुर्जी.
नावं कायले मिळवाचे?
पानं मिळवाचे."

पुस्तकात इथं दहा येतो.
लसावि, सर्वांत लहान, नीटनेटका.
तिनं सत्तर घेतला,
दिवसभर जो हातात होता तो,
आणि दोघांची पानं त्यात मावली.
मी म्हणणार होतो, यालाही सात छेद दहा म्हणतात.
नाही म्हटलं.
निकाल तालुक्याला गेला होता,
एक गुण आता कुठं लिहायचा?

"एकवीस आन," ती इसरूला म्हणाली,
आणि तो बांधापलीकडच्या झुडपात घुसला.
उजेड विटक्या तांब्यासारखा होत चालला.
मुन्शीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

पोरगा धापा टाकत आला.
सयत्रानं मोजली.
वीस.
मी पुन्हा मोजली. वीसच.
दोन छेद सात, बरोब्बर.

कोणी काही बोललं नाही.
आईनंही गाठ मारायची थांबवली.
मुन्शीच्या कानामागं विडी खोचलेली होती,
न पेटवलेली, पान अजून बऱ्यापैकी शाबूत.
सयत्रा
तिच्याकडं बघत होती.