बाटलीतलं नाव

टेमाच्या मासळी बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे
लॅम्प्टीची शीतखोली पहाटेपासून घाम गाळत होती.
आत चारशे खोकी बांगडे,
बाहेर लॅम्प्टी, मनगटावरचं घड्याळ काढून पुन्हा घालणारा.

आयोर्कोरनं यंत्र बंद केलं, तासभर थांबली, मग गेज जोडलं.
पाटीवर गॅसचा नंबर बावीस, हिरव्या रंगात,
कुणीतरी वरून पुन्हा गिरवलेला.
तिनं नळीला तापमापक बांधला,
खिशातला तेलकट तक्ता उलगडला.
काटा तक्त्यापेक्षा दीड बोट वर.
गेज काढून पुन्हा लावलं.
दीड बोट.

"मागच्या वेळी कोण भरून गेलं?"
"एक पोरगा. स्वस्तात."
"कशातून?"
लॅम्प्टीनं दोन्ही हातांनी आकार दाखवला:
गुटगुटीत, वर कडी,
भात विकणारीच्या चुलीशेजारी असतो तसा.

मी शिकाऊ, आठवा महिना.
सांधा जोडायचा टॉर्च माझ्या हातात, दुसऱ्या हातात लायटर.
तिनं दोन्ही काढून घेतले, हळूच,
झोपलेल्या मुलाच्या मुठीतून गोटी काढावी तसे.
"पाटीवरचं नाव वाचायचं," ती म्हणाली,
"पण हाक मारायच्या आधी आत कोण आहे ते बघायचं."

भिंतीपलीकडे एकोणीस भट्ट्या, प्रत्येकीवर मासे.
हा वायू आकाशाकडे पळणारा नव्हे.
जमिनीवरून सरपटतो, गटार धरून, उंबऱ्याखालून,
आणि विस्तव भेटला की ओळख देतो.

ती भट्ट्यांकडे गेली. मी मागोमाग.
"तासभर विझवा."
आंटी अडोले हसली नाही, चिडलीही नाही.
"धूर मध्येच तुटला की मासा कडू होतो. पैसे तू देणार?"

आयोर्कोरनं उजवा हात पुढे केला.
दोन बोटांची टोकं पांढुरकी, मेणासारखी.
"थंडीनं भाजली. हातमोजे पिशवीतच होते,
एका मिनिटाचं तर काम होतं."
आंटीनं बोटं दाबून पाहिली, नखानं टोचून पाहिली.
मग वाकून आपल्या भट्टीतली लाकडं ओढली, वाळूत खुपसली.
शेजारणीनंही ओढली.
तिसरीनं शिव्या देत. नववीनं आमच्या आयांचा उद्धार करत.

शेवटचा निखारा काळा पडेपर्यंत आम्ही काहीही सुरू केलं नाही.

मग दारं उघडी. गॅस खेचणारं यंत्र, ठिणगी न टाकणारं,
वाऱ्याच्या अंगाला, लांब होज लावून.
रिकामी बाटली मासळीच्या तराजूवर,
कारण तराजूला बॅटरी नाही.
तिनं खडूनं रेघ मारली, दहातल्या आठवर.
"काठोकाठ भरायची नाही.
उन्हात आतलं फुगतं,
आणि पोलादाला फुगता येत नाही."

लॅम्प्टी जवळ आला, आवाज खाली करून:
"सोडून दे ना हवेत. दोन मिनिटं. माझे बांगडे वितळतायत."
तिनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
पहिल्या महिन्यात मीही हेच विचारलं होतं,
आणि त्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं नव्हतं.

नऊ किलो चारशे.
तराजूवाली म्हणाली, "हा कोणता मासा?"
"दोन जातींचा. विकायचा नाही."
आयोर्कोरनं बाटलीवर ब्रशनं लिहिलं:
मिसळलेला. जळतो. पुन्हा भरू नये.
तिचं अक्षर वाईट. तरी तीन वेळा गिरवलं.

दुपारी आंटी अडोलेनं वर्तमानपत्रात गुंडाळून
दोन मासे आणून आदळले आमच्यापुढे.
"खा आता तुमचा तासभर."
खरंच कडू होते.
ती वाफाळता मासा दोन बोटांनी सोलत राहिली,
मी माझ्या घासावर फुंकर घालत बसलो.